शेरा आणि साक्ष

मराठीतील तुरुंगवाङ्मयाचा विषय निघाला की आम्ही बडोदेकर मंडळी जरा अधिक आपुलकीने कान देतो. ते स्वाभाविकही आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणारे विनोबा बडोद्याच्या शाळा-कॉलेजात शिकले आणि १९१६ मध्ये येथूनच घर सोडून गेले. अंदमानात सावरकर बंधूंच्या काळी जन्मठेप भोगणारे बारींद्रकुमार घोष हे, त्यापूर्वी, येथे राज्याच्या सेवेत असलेल्या अरविंदबाबूंकडे राहून गेले होते. मात्र या आपुलकीपोटी एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला आहे, असे आम्हांस वाटते. या ग्रंथांतून प्रत्यक्ष तुरुंग किती दिसतो?

साने गुरुजींनी टिपून घेतल्यामुळे ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. त्यांत तुरुंग जवळजवळ नाहीच. गुरुजींनीच फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’त कोकण आहे, आई आहे, दगडी भिंत नाही. भिंत विसरायला लावणे हे या दोन्ही ग्रंथांचे सामर्थ्य होय, याविषयी दुमत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ते वाचून तुरुंग म्हणजे थोरांच्या चिंतनाची कोठडी, अशी आपली एक सोयीची समजूत झाली. ज्यांना चिंतन साधत नाही आणि लिहिता येत नाही, अशा हजारोंचे तेथे काय होते, हे पाहण्याची निकड मग कुणाला वाटावी?

१९२७ साली प्रसिद्ध झालेली ‘माझी जन्मठेप’ याला अपवाद आहे. तेथे तुरुंग हाच विषय आहे. दिवसाला तीस पौंड तेल मागणारा कोलू, १९१२ मधील इंदुभूषण रॉय यांची आत्महत्या, उल्हासकर दत्तांना लागलेले वेड हे सारे वाचकांना ठाऊक आहे. आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते या इतिहासातील पाहुण्यांकडे. १९१२ मध्ये होतीलाल वर्मांनी चोरून बाहेर पाठविलेले पत्र सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या ‘बेंगाली’ पत्रात छापून आले. पुढील वर्षी भारत सरकारचे गृहसदस्य सर रेजिनाल्ड क्रॅडॉक अंदमानात जाऊन राजबंद्यांना भेटले. १९१९-२० च्या तुरुंग समितीने तर अंदमानची शिक्षाच बंद करण्याची शिफारस केली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आतला शब्द आधी बाहेर आला, बाहेरचा माणूस नंतर आत गेला.

ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. यातील सामान्य कैदी बहुतांशी लेखकाच्या तोंडून बोलतो. साक्ष आहे ती बॅरिस्टरची परीक्षा दिलेल्या राजबंद्याची, आणि ग्रंथरूपाने ती आली तेव्हा त्याची सुटका होऊन तीन वर्षे लोटली होती. ज्याच्यापाशी लेखणी नाही, त्याची साक्ष आजच्या आज कोण घेणार?

आमच्या मते या प्रश्नाचे मराठी मुलखातील सर्वांत ठोस उत्तर कोणत्याही ललित ग्रंथात नाही. ते एका पत्रात आहे. १९८२ साली मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी ते सर्वोच्च न्यायालयास पत्राने कळविले आणि न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांनी तुरुंगात जाऊन या स्त्रियांशी बोलावे, आणि बोलताना तेथे दुसरे कोणीही असू नये, असा आदेश निघाला. ही शेवटची अट आम्ही सर्वांत मोलाची मानतो. पुढे फेब्रुवारी १९८३ मध्ये, गुजरात उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश न्या. भगवती यांनी निकाल देताना स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, स्त्री-पोलिसांचा पहारा आणि न्यायाधीशांच्या अचानक भेटी यांविषयी निर्देश दिले. तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्नही १९८६ साली बारसे यांच्याच याचिकेमुळे न्यायालयापुढे आला.

बारसे यांनी मुलाखतींचे ध्वनिमुद्रण सुरू करताच त्यांची परवानगी काढून घेण्यात आली होती. त्यावर १९८७ मध्ये न्यायालयाने म्हटले, की मुलाखतीचा हक्क अनिर्बंध नाही, कैद्याची संमती हवी आणि मिळालेली माहिती अधिकाऱ्यांकडून पडताळून घ्यावी. शासनात आयुष्य घालविलेल्या आम्हांस ही अपेक्षा गैर वाटत नाही. कैदीही खोटे बोलू शकतो आणि कर्मचाऱ्यांचीही बाजू असते. मात्र पडताळणी साक्षीची करता येते. जी घेतलीच गेली नाही तिची काय करणार?

आता शेऱ्याविषयी. नोकरीत असताना एका पाहणी पथकाबरोबर आम्ही मुलांच्या एका सुधारगृहात गेलो होतो. येण्याची वर्दी आदल्या दिवशीच पोहोचली होती. खाटांवरील चादरींच्या घड्यांच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. मुलांनी प्रार्थना म्हटली, पंगतीत गोड वाढले गेले. आम्ही शेरेबुकात ‘व्यवस्था समाधानकारक आढळली’ असे लिहून सही केली. फाटकापाशी एक मुलगा म्हणाला, ‘साहेब, काले पण आवजो.’ आम्ही निरोप समजून हात हलविला. ‘आवजो’ हा निरोपाचा शब्द खराच. ‘काले पण’ हे शब्द निरोपाचे नव्हते, हे आम्हांला गाडीत बसल्यावर उमगले. गाडी काही आम्ही मागे वळविली नाही. त्या शेऱ्यात ‘आढळली’ आहे. कुणाला, कुणाशी बोलून, किती वेळात, हे काहीच नाही. साक्षीला बोलणारा असतो. शेऱ्याला नुसती सही असते.

दार आज बंद आहे असे मात्र म्हणता येणार नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्यातही अभ्यागत नेमण्याची तरतूद होती. १५ सप्टेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समाजातील मान्यवरांसह अशासकीय अभ्यागतांना मंडळांवर घेण्यास सांगितले. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक बालगृहास भेट द्यावयाची असते. पथकात किमान तीन सदस्य हवेत, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, आणि अहवाल आठवड्याच्या आत द्यावा लागतो. तेव्हा उणीव आहे ती पाहणाऱ्याच्या दृष्टीची, आणि दृष्टी घडविणे हे साहित्याचे काम आहे.

म्हणून तुरुंगवाङ्मयाचे मोल ठरविताना लेखकाच्या धैर्याबरोबर आणखी एक कसोटी लावावी, असे आम्ही सुचवितो. पाहुण्याला जे दाखविले जात नाही, ते या लेखनाने दाखविले काय? या कसोटीस ‘माझी जन्मठेप’ बऱ्याच अंशी उतरते, बारसे यांचे पत्र पूर्ण उतरते आणि आमचा शेरा मुळीच उतरत नाही. आपल्या मंडळात निवृत्त शिक्षक, डॉक्टर, वकील पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणाला अभ्यागत होण्याची संधी आली तर त्यांनी ती टाळू नये. शेरेबुक उघडण्यापूर्वी एकट्याने कुणाशी तरी बोलावे, आणि निदान दुसऱ्या दिवशी, न कळविता, पुन्हा जावे.