रीतिभूतकाळातले प्रेम : संसार, नित्यक्रम आणि निवेदन

विवाहपूर्व प्रेम आणि विवाहबाह्य प्रेम यांना कथनात्म साहित्यात जे स्थान मिळाले, ते विवाहांतर्गत प्रेमाला क्वचितच मिळाले. कथानक लग्नापाशी संपते किंवा लग्न मोडू लागते तेथे सुरू होते; मधला दीर्घ, सुस्थिर काळ दोन प्रकरणांमधल्या कोऱ्या जागेत जातो. याचे स्पष्टीकरण बहुधा अनुभवाच्या पातळीवर दिले जाते : संसार नित्याचा झाला की प्रेम ओसरते, म्हणून सांगण्याजोगे काही उरत नाही. परंतु हा कार्यकारणभाव उलटाही असू शकतो. सांगण्याची जी रूपे परंपरेने हाती आली, त्यांत नित्यक्रमाला जागा नसल्यामुळे तर त्यातील प्रेम अदृश्य राहिले नसेल? प्रश्न अनुभवाचा आहे तितकाच निवेदनाचा आहे.

देनी द रूझमाँ या विचारवंताने १९३९ मध्ये पाश्चात्त्य प्रेमकल्पनेची जी मीमांसा केली, तिचे मुख्य सूत्र असे की, उत्कट प्रेम अडथळ्यावर जगते. अडथळा दूर झाला की कथाही संपते. संस्कृत साहित्यविचाराने शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भेद मानले, तरी काव्याचा ओढा विप्रलंभाकडेच अधिक राहिला. भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ या दृष्टीने विशेष बोलके आहे. पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. थकलेली सीता रामाच्या बाहूवर झोपी जाते. काळाने परिपक्व केलेल्या दांपत्यप्रेमाचे अत्यंत समंजस उद्गार रामाच्या मुखी येतात. आणि नेमक्या त्याच क्षणी दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन प्रवेश करतो. स्थिर प्रेम नाटकाला कळले आहे, पण ते फार वेळ रंगभूमीवर ठेवता येत नाही.

हीच रचना मराठी कादंबरीच्या आरंभकाळातही दिसते. हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमुना आणि रघुनाथ यांचा मुंबईतील संसार हा सुखाचा काळ आहे. वाचन, संभाषण, परस्परांविषयीचा आदर यांवर उभे राहिलेले सहजीवन तेथे प्रथमच इतक्या जिव्हाळ्याने चितारले गेले. तथापि हे सुख वाचकापुढे येते ते विधवा झालेल्या यमुनेच्या स्मरणातून. त्याच्यावर पुढील वैधव्याची छाया आधीच पडलेली असते. सुखाचा नित्यक्रम सांगता येतो, पण तो हरवल्यानंतर. त्याला मोल येते ते त्याच्या अभावामुळे.

येथे व्याकरणाकडे वळणे उपयुक्त ठरेल. जेरार जनेत या फ्रेंच मीमांसकाने १९७२ मध्ये निवेदनाच्या वारंवारितेचा विचार मांडताना, जे अनेकदा घडले ते एकदाच सांगणाऱ्या निवेदनाचा स्वतंत्र प्रकार कल्पिला आणि प्रूस्तच्या कादंबरीत अशा निवेदनाचे प्राबल्य कसे आहे ते दाखविले. त्याच्या मते पारंपरिक कादंबरीत हा प्रकार दुय्यम असतो : एकदाच घडलेल्या प्रसंगाची पार्श्वभूमी तयार करणे एवढेच त्याचे काम. मराठीला या प्रकारासाठी नवे साधन शोधावे लागत नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्या आख्यातांची चर्चा आहे, त्यांतील ई-आख्यात रीतिभूतकाळ व्यक्त करते. ‘ती पहाटे उठे, चूल पेटवी, त्याची वाट पाही’ या वाक्यात एकही घटना नाही, आणि तरीही एक संपूर्ण आयुष्य आहे. ‘उठली’ म्हटले की गोष्ट सुरू होते. ‘उठे’ म्हटले की संसार सुरू होतो. मात्र रीतिभूतकाळाचा एक धोकाही आहे. तो पुनरावृत्तीला सहजतेचे रूप देतो. रोज उठण्यामागचा रोजचा निर्णय आणि रोजचे श्रम तो झाकून टाकतो. मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांत या काळाचे काय होते, हे पाहिले तर संसारातील प्रेमाविषयी काही निश्चित विधाने करता येतात.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ (१९१०) या पुस्तकाच्या शीर्षकातच एकवचनी ‘मी’ला स्थान नाही. निवेदनाचा विषय न्यायमूर्ती; निवेदिका त्यांच्या दिनचर्येची साक्षी. वाचून दाखविणे, धडे घेणे, रात्री पायांना तूप चोळणे अशा क्रियांतून हे सहजीवन उभे राहते. परंतु पुस्तकातील खरे ताण या क्रमाला जेथे किंचित खळ पडतो तेथे प्रकट होतात. तळपायाला तूप लावून झाले तरी पती बोलत नाही, एवढ्या लहान मौनात पत्नीला आपला अपराध आणि त्याची नाराजी दोन्ही वाचता येतात. नित्यक्रम येथे भाषेसारखा काम करतो : त्यातील प्रत्येक खंड अर्थपूर्ण होतो, कारण क्रम दोघांनाही पाठ असतो. मात्र ही भाषा बोलण्याचा अधिकार समान नाही. मौन धारण करण्याची मुभा एकाला आहे. त्या मौनाचा अर्थ लावण्याचे काम दुसरीचे आहे. या सहजीवनातील आदर खरा आहे, जिव्हाळाही खरा आहे. परंतु तो गुरुशिष्यनात्याच्या चौकटीत वाढला आहे, आणि त्या चौकटीत पुनरावृत्ती म्हणजे अभ्यास.

लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांचे निधन १९१९ मधले. म्हणजे हे लेखनही हरवल्यानंतरचेच. तरीही त्याचा सूर विरहाचा नाही. टिळकांचे एकाएकी घर सोडून जाणे, हाती पैसा न टिकणे, पाहुण्यांना मुक्तद्वार ठेवणे, क्षणात संतापणे व क्षणात निवळणे या गोष्टी पुन:पुन्हा घडतात आणि लक्ष्मीबाई त्या पुन:पुन्हा सांगतात. हीच पुनरावृत्ती तक्रारीच्या स्वरात सांगितली असती तर ते एका छळाचे निवेदन झाले असते. भक्तीच्या स्वरात सांगितली असती तर चरित्रग्रंथ झाला असता. लक्ष्मीबाई ती विनोदाच्या स्वरात सांगतात.

हा विनोद नीट पारखून घेण्यासारखा आहे. बर्गसाँने १९०० मध्ये हास्याची उपपत्ती मांडताना, सजीवावर चढलेली यांत्रिकता हे हास्याचे मूळ मानले आणि समाज अशा यांत्रिकतेला हसून वठणीवर आणतो असे प्रतिपादिले. ‘स्मृतिचित्रे’तील हसणे या उपपत्तीत पूर्णपणे बसत नाही. टिळकांच्या सवयींना हसताना लक्ष्मीबाईंना त्या सुधारायच्या नसतात. त्या स्वतःच्या भाबडेपणालाही तितक्याच मोकळेपणाने हसतात. एखादी खोड ओळखीची होते, पुढे काय होणार हे ठाऊक असते, आणि तरीही माणूस त्या ओळखीपलीकडे थोडा शिल्लक राहतो. या शिल्लक भागाविषयीचे कुतूहल म्हणजे हा विनोद होय. नित्यक्रम प्रेमाला मारतो असे म्हणताना, सोबतचा माणूस पुरता कळला आहे, हे गृहीत धरलेले असते. लक्ष्मीबाईंचे निवेदन तेच गृहीत नाकारते.

तथापि विनोदावरच थांबले तर या सहजीवनाचे चित्र फार गोड होईल. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसाराचा क्रम पूर्णपणे तुटला. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाई मुलासह वेगळ्या राहिल्या. नंतर त्या टिळकांकडे गेल्या, पण धर्मांतर न करता. सोवळेओवळे, जात आणि ईश्वर यांविषयीच्या आपल्या कल्पना त्यांनी स्वतः तपासल्या आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. या क्रमाला महत्त्व आहे. बालपणी झालेले लग्न त्यांनी निवडलेले नव्हते; परतणे मात्र त्यांनी निवडले. अमेरिकन तत्त्वचिंतक स्टॅन्ली कॅव्हेल याने १९८१ मध्ये हॉलिवुडच्या जुन्या विनोदी चित्रपटांचा अभ्यास करताना ‘पुनर्विवाहाची सुखात्मिका’ असा एक प्रकार वेगळा काढला. दुरावलेले जोडपे पुन्हा एकत्र येते ते जुन्या बंधनामुळे नव्हे, तर पुन्हा निवड केल्यामुळे. आणि विवाहाला वैधता मिळते ती अशी निवड करीत राहण्याच्या तयारीतून, असे त्याचे म्हणणे. मराठीत पुनर्विवाह या शब्दाला विधवाविवाहाच्या चळवळीचा इतिहास आहे. परंतु कॅव्हेलच्या अर्थाने ‘स्मृतिचित्रे’ हे त्याच पतीशी झालेल्या पुनर्विवाहाचे कथन आहे. त्याचा उत्तरार्ध वाचताना टिळकांच्या त्याच सवयी, तीच धांदल पुन्हा भेटते. पण आता ती लादलेली उरत नाही, पत्करलेली होते. क्रियापदाचा काळ तोच राहतो, कर्ता बदलतो. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, ही घटनाही या पत्करण्याचीच पुढची पायरी मानता येईल.

सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) या पुस्तकात नित्यक्रमाची दुसरी बाजू उघडी पडते. येथे विवाह आरंभापासूनच निवडलेला आहे : १९४६ मध्ये नोंदणी पद्धतीने झालेला, विधींचा पसारा नाकारणारा. म्हणजे निवडीचा प्रश्न सुटलेला आहे. तरीही शीर्षकातील ‘तरी’ सुटत नाही. एका लोकप्रिय कलावंताच्या सहज वाटणाऱ्या वावरामागे व्यवस्थेचे जे अखंड काम असते, ते कोण करते, हा या पुस्तकाचा कळीचा प्रश्न आहे. रीतिभूतकाळ जे श्रम झाकतो, ते येथे एकेक करून मोजले जातात. पुस्तकावर वाद झाला तो प्रामुख्याने पुलंच्या प्रतिमेला धक्का बसला की काय, या अंगाने. वस्तुतः धक्का बसला होता तो एका निवेदनरूढीला : संसारसुखाचे श्रेय स्वभावाला देण्याच्या रूढीला. लक्ष्मीबाईंचा विनोद जे पोटात घालतो, ते सुनीताबाईंचा हिशेब बाहेर काढतो. पण हा हिशेब प्रेमाच्या अभावातून मांडलेला नाही. संबंध संपला असता तर हिशेबाची गरजच उरली नसती. समोरच्याने आपल्याकडे नव्याने पाहावे ही अपेक्षा अजून जिवंत आहे, म्हणून ही मोजदाद आहे.

गौरी देशपांडे यांच्या लघुकादंबऱ्यांत, ‘एकेक पान गळावया’ (१९८०) पासून ‘थांग’ (१९८९) पर्यंत, हा प्रश्न आणखी कठीण होतो. त्यांच्या नायिका बहुधा पीडित नाहीत. त्या शिकलेल्या, सुस्थित आहेत. दोष देण्यास खलनायक नसतो. त्यामुळे नित्यक्रमातील अस्वस्थतेला बाह्य कारण सांगता येत नाही, आणि ‘सुखी असूनही असे का?’ हा प्रश्न नायिकेला स्वतःलाच विचारावा लागतो. स्त्रीवादी समीक्षेने या अस्वस्थतेत स्वत्वाचा शोध पाहिला, तो योग्यच आहे. परंतु त्याबरोबर हेही नोंदवावयास हवे की, येथे संसार हा केवळ सोडण्याचा तुरुंग म्हणून येत नाही. दीर्घ सहवासाने आलेली जवळीक आणि स्वतःपुरते राहण्याची गरज या दोन्हींना सारखेच खरे मानणे, आणि एकीसाठी दुसरी खोटी न ठरविणे, हे या लेखनाचे धैर्य आहे.

या सर्व कथनांवरून एक निष्कर्ष काढता येतो. संसारातील प्रेम टिकते ते नित्यक्रम टाळल्यामुळे नव्हे. अधूनमधून आणलेल्या नावीन्यामुळे तर नव्हेच. पुनरावृत्तीमागचा कर्ता दिसत राहिला, म्हणजेच रोज घडणारी गोष्ट कोणीतरी रोज करीत आहे याचे भान दोघांनाही राहिले, तर ते टिकते. रमाबाईंच्या कथनात हे भान एकतर्फी आहे. लक्ष्मीबाईंनी ते हसून राखले, सुनीताबाईंनी मागून घेतले, तर गौरी देशपांडे यांनी त्याची मर्यादा तपासली. समीक्षेपुरते याचे तात्पर्य असे की, ‘काहीच घडत नाही’ हा शेरा संसारचित्रणावर मारण्यापूर्वी त्यातील क्रियापदे पाहावीत. ‘करी’, ‘जाई’, ‘वाट पाही’ ही रूपे पार्श्वभूमी रंगविण्यासाठी आली आहेत की त्यांच्या आत एखादा निर्णय रोज नव्याने घेतला जात आहे, हे ओळखणे म्हणजेच अशा लेखनाचे वाचन. घटनेच्या शोधात असलेल्या वाचकाला हे प्रेम दिसणार नाही. ते रीतीत आहे, आणि रीत कोणीतरी चालवावी लागते.