पेटीचा गांधार

पेटी परकीय म्हणून त्याज्य, हा युक्तिवाद आम्हांस लटका वाटतो. मींड निघत नाहीं हा आक्षेप खरा. पण खरें वर्म गांधारांत आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली असतां तिच्याच पोटीं स्वयंभू गांधार उमटतो. षड्ज २४० आंदोलनांचा धरल्यास मध्यसप्तकांत हा गांधार ३०० व पंचम ३६० भरतो. ४ : ५ : ६ हें तें प्रमाण, युरोपीय मेजर ट्रायडचें मूळहि हेंच. समविभागी पेटींत पंचम जवळजवळ शाबूत राहतो, गांधार मात्र ३०२.४ वर चढतो, आणि तंबोऱ्याशीं त्याची झुंज कानास जाणवते. नभोवाणीनें १९४० सालीं पेटीवर घातलेली बंदी १९७१ त सैल झाली. शिक्षा झाली ती वाद्यास, जुळणीस नव्हे. सूर घासून गांधार उतरवितां येतो. पण गायकानें षड्ज बदलला कीं तीच पेटी पुन्हां बेसूर!