चित्रकथेचे मूळ पान : छंद, संग्रह आणि समीक्षेची जबाबदारी

प्रस्तावना :
छंद म्हणून केल्या जाणाऱ्या संग्रहाकडे मराठी समीक्षेने अभ्यासविषय म्हणून क्वचितच पाहिले आहे. नाणी, टपाल तिकिटे, जुनी हस्तलिखिते यांच्या संग्रहाला कालांतराने विद्येची प्रतिष्ठा लाभली. नाशिक परिसरात तर हे प्रकर्षाने जाणवते. नाशिकरोडचा प्रतिभूती मुद्रणालयाचा कारखाना १९२० च्या दशकापासून टपाल तिकिटे छापत आला आहे. सातपूरहून त्र्यंबकच्या रस्त्याने पुढे गेल्यास अंजनेरी येथे १९८० च्या दशकात उभी राहिलेली नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. नाण्यांचा छंद शास्त्रात कसा रूपांतरित होतो, याचे हे जवळचे उदाहरण होय. या पार्श्वभूमीवर एका तुलनेने नव्या छंदाचा, म्हणजे चित्रकथांच्या मूळ रेखाटनांच्या संग्रहाचा, विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. छापील अंकांचा संग्रह येथे अभिप्रेत नाही. चित्रकाराने स्वहस्ते काढलेले आणि ज्यावरून छपाई झाली ते पान, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

या लेखाचे प्रतिपादन असे की, मूळ पानाचा संग्राहक हा आज आपल्याकडे चित्रकथेचा जवळजवळ एकमेव अभिलेखपाल आहे. परंतु ज्या रीतीने तो पाने जमवतो, त्याच रीतीने तो कथाही विखुरतो. हा अंतर्विरोध सोडविल्याशिवाय या छंदाला अभ्यासाची योग्यता येणार नाही.

मूळ पानाचे स्वरूप :
चित्रकथेचे मूळ पान सामान्यतः जाड कागदावर, छापील आकारापेक्षा मोठे काढलेले असते. छपाईत आकार लहान केल्याने रेषेतील किरकोळ दोष झाकले जातात, हे त्याचे कारण. प्रथम पेन्सिलीने आखणी, नंतर कुंचल्याने किंवा टाकाने शाई, चुकलेल्या जागी पांढरा रंग, अक्षरलेखनाच्या चिकटवलेल्या पट्ट्या आणि समासात मुद्रकासाठी लिहिलेल्या सूचना असे थर त्यावर आढळतात. काही चित्रकार फिकट निळ्या पेन्सिलीने आखणी करीत, कारण तो निळा रंग छपाईच्या कॅमेऱ्यात उतरत नसे.

हे सर्व थर छापील पानात नाहीसे होतात. म्हणून मूळ पान हे छापील पानाची केवळ सुबक आवृत्ती ठरत नाही. चित्रकाराने कोणता विचार केला, कोणता टाळला, एखाद्या पात्राचा हात आधी कोठे होता आणि नंतर कोठे नेला, याची ती कागदावरील साक्ष असते. साहित्याच्या अभ्यासात हस्तलिखिताच्या खाडाखोडीला जे महत्त्व आहे, तेच येथे पांढऱ्या रंगाच्या ठिपक्याला आहे. चित्रकथेच्या समीक्षकाला रचनाप्रक्रियेविषयी काही निश्चित म्हणावयाचे असेल, तर त्याला मूळ पानाकडेच यावे लागते.

तेजोवलयाचा प्रश्न :
वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीचा विचार करताना, प्रतींच्या सुकाळात मूळ कृतीचे तेजोवलय क्षीण होते, अशी मांडणी केली. चित्रकथेच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. चित्रकथेचे पान मुळात छापले जाण्यासाठीच जन्माला येते. वाचकाचा जिव्हाळा प्रथम जडतो तो स्वस्त कागदावरील प्रतीशी. पुढे कित्येक वर्षांनी, त्या प्रतीवरील प्रेमापोटी, तो मूळ पानाचा शोध घेतो. म्हणजे येथे प्रतीच मूळ कृतीला तेजोवलय देतात. जी चित्रकथा फार छापली गेली, फार वाचली गेली, तिचेच मूळ पान मोलाचे ठरते.

यातून एक आक्षेप निघतो. कलाकृती जर छापील अंक हीच असेल, तर मूळ पान हा केवळ कच्चा माल ठरतो, मग त्याचा संग्रह कशासाठी? ब्लॉकच्या छपाईच्या काळात हीच समजूत व्यवहारात रूढ होती. ब्लॉक तयार झाला की चित्राचे काम संपले, असे मानले जाई. परंतु हा आक्षेप पूर्णांशाने टिकत नाही. नाटकाचा प्रयोग हीच खरी कलाकृती असे म्हटल्याने नाटककाराची वही निरर्थक होत नाही. त्या वहीचे आणि मूळ पानाचे मूल्य पुराव्याचे आहे. संग्राहकाला ते भावनेने जाणवते. ते युक्तिवादाने मांडणे हे समीक्षकाचे काम आहे.

एक पान की संपूर्ण कथा? :
या छंदातील मूलभूत पेच दोन उदाहरणांनी स्पष्ट होतो. दोन्ही उदाहरणे एकाच नायकाची, स्पायडरमॅनची आहेत. १९८४ सालच्या एका अंकातील, माइक झेक यांनी रेखाटलेले एकच पान जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला विकले गेले. नायकाच्या काळ्या वेशाच्या आरंभाचा प्रसंग त्या पानावर आहे, एवढेच त्याच्या किमतीचे कारण. याउलट, ज्या १९६२ सालच्या अंकात हा नायक प्रथम अवतरला, त्या अंकाची स्टीव्ह डिट्को यांनी काढलेली सर्व २४ मूळ पाने एका अनामिक दात्याने २००८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला विनामूल्य दिली.

पहिल्या व्यवहारात पान कथेपासून तुटून चित्र बनले. दुसऱ्यात पाने कथा म्हणूनच टिकली. चित्रकथेचा अर्थ दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत आणि पान उलटण्याच्या क्रियेत असतो. एकटे पान भिंतीवर टांगले की तो अर्थ हरपतो. बाजार ज्या पानांना भाव देतो ती पाने मुखपृष्ठाची, नायकाच्या भव्य आकृतीची वा साहसाच्या परमोच्च क्षणाची असतात. कथेचा तोल सांभाळणारे, दोन पात्रे नुसती बोलत आहेत असे शांत पान कोणी मागत नाही. समीक्षकाच्या दृष्टीने चित्रकाराचे कसब बहुधा तेथेच अधिक दिसते. बाजाराची श्रेणी आणि समीक्षेची श्रेणी यांतील ही तफावत संग्राहकांनी लक्षात घेणे आवश्यक आहे.

महाराष्ट्राला हा पेच अपरिचित नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा ही आपली क्रमचित्रांची प्राचीन परंपरा होय. एका आख्यानाची सुटी चित्रे मिळून पोथी होते आणि चित्रकथी एकेक चित्र पुढे करीत गाऊन कथा सांगतो. या प्रकारची चित्रे पैठणच्या नावानेही ओळखली गेली आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जतन झाली. पोथीतील चित्रे सुटी असल्यानेच ती सुटी विकलीही जाऊ शकतात, आणि सुटे चित्र कितीही देखणे असले तरी आख्यान सांगू शकत नाही. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ती चित्रांच्या जपणुकीइतकीच सांगण्याच्या परंपरेच्या जपणुकीसाठी, असे म्हणणे अनुचित ठरणार नाही.

महाराष्ट्रातील स्थिती :
आधुनिक चित्रकथेत मराठी चित्रकारांचा वाटा मोठा आहे. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथा’ मालिकेला दृश्यरूप देणाऱ्यांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावे अग्रभागी आहेत. पुढे ‘टिंकल’मधील सुपंडीला वाईरकरांनी जे रूप दिले, ते आजही मुलांच्या ओळखीचे आहे. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने वेताळाला घरोघरी नेले. त्यातील वेताळाच्या कथा परदेशी असल्या, तरी गोविंद ब्राह्मणिया यांची मुखपृष्ठे मात्र येथील हातांची होती. १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने मराठी दैनिकातील चित्रपट्टीला घरचे रूप दिले. यांच्या जोडीला दिवाळी अंकांतील हास्यचित्रांचे दालन आहे. दीनानाथ दलाल, शि. द. फडणीस, वसंत सरवटे यांची मूळ चित्रे हा त्याचा ऐवज होय.

हा ऐवज एकत्रितपणे कोठे नोंदलेला आहे, असा प्रश्न विचारल्यास समाधानकारक उत्तर मिळत नाही. एकेका कलावंतापुरते काही प्रयत्न अवश्य झाले आहेत. फडणीसांची ‘हसरी गॅलरी’ वाचकांना मूळ चित्रांसमोर उभे करीत आली. गोव्यात वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी मारिओ मिरांडा यांची विखुरलेली चित्रे परिश्रमाने जमवून ग्रंथ व दालन उभे केले. या प्रयत्नांचे यश असे की, एका कलावंताचे काम सलग पाहता येते. परंतु मराठी चित्रकथेची पाने, काढणाऱ्याच्या नावानिशी आणि अंकाच्या क्रमाने, पाहण्याची सोय त्यातून होत नाही.

दुसरीकडे काळ थांबत नाही. जुन्या कागदातील आम्लामुळे पाने पिवळी व ठिसूळ होतात, चिकटपट्टीचे डाग उतरतात, स्केचपेनचे रंग उडतात, कसर लागते. लॅमिनेशनचा हौशी उपाय तर अपायकारकच आहे, कारण एकदा चढविलेले प्लॅस्टिक मूळ पान न दुखावता काढता येत नाही. शिवाय आता बहुतेक रेखाटन संगणकाच्या पडद्यावर होत असल्याने नवी मूळ पाने निर्माण होण्याचे प्रमाणच घटले आहे. जे गेले ते पुन्हा काढता येणार नाही.

मालकी आणि चित्रकाराचा हक्क :
संग्रहाच्या चर्चेत चित्रकार अनेकदा बाजूला पडतो. अमेरिकेत जॅक कर्बी यांना आपली मूळ पाने परत मिळविण्यासाठी मार्व्हलशी दीर्घकाळ झगडावे लागले. १९८७ साली त्यांच्या हाती सुमारे दोन हजार पाने आली, जी त्यांच्या एकूण कामाचा लहानसा अंश होती. आपल्याकडे असा गाजलेला संघर्ष दिसत नाही, पण त्यावरून प्रश्न नाही असे म्हणता येणार नाही.

प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या कलम १७ नुसार नियतकालिकाच्या नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा नियतकालिकात प्रसिद्धीपुरता हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. अन्य हक्क चित्रकाराकडे राहतात. कलम ५३ अ याहून महत्त्वाचे आहे. मूळ चित्र वा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास, प्रथम हक्कधारक असलेल्या कलावंतास किंवा त्याच्या वारसांस त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूद त्यात आहे. एखादे पान चित्रकाराकडून पाचशे रुपयांना घेऊन पन्नास हजारांना विकले गेले, तर चित्रकाराच्या घरी पाच हजारांपर्यंत रक्कम जाऊ शकते. मात्र विक्रीची नोंदच नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो. म्हणजे नोंद ही अभ्यासाची गरज आहे तशीच न्यायाचीही आहे.

सातपूरचा एक धडा :
नोंद कशी असावी, हे शिकण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही यंत्रकारखान्यात सुट्या भागाचे ड्रॉइंग कसे सांभाळले जाते, ते पाहावे. त्याच्या कोपऱ्यातील चौकटीत ड्रॉइंगचा क्रमांक, दिनांक, काढणाऱ्याचे व तपासणाऱ्याचे नाव आणि झालेल्या दुरुस्त्यांचा क्रम लिहिलेला असतो. ड्रॉइंग हा विकण्याचा माल नव्हे. तरीही त्याच्याशिवाय माल पुन्हा घडविता येत नाही, हे कारखान्याला ठाऊक असते. एका बोल्टच्या आरेखनाला मिळणारी ही शिस्त वाईरकरांच्या वा मुळीकांच्या पानाला मिळू नये, ही सांस्कृतिक विसंगती आहे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील.
१) चित्रकथेचे मूळ पान हा रचनाप्रक्रियेचा प्रथम दर्जाचा पुरावा असून त्याचे मूल्य केवळ नायक वा प्रसंग यांवरून ठरविणे अपुरे आहे.
२) संग्राहकाने एका कथेची पाने शक्यतो एकत्र ठेवावीत. विक्री अटळ असल्यास, पान हातातून जाण्यापूर्वी पूर्ण कथेचे छायाचित्रण करावे.
३) प्रत्येक पानासोबत कथा, अंक, पृष्ठक्रमांक, चित्रकार, अक्षरलेखक, माध्यम, आकार आणि पूर्वीचे मालक यांची नोंद असावी. छपाईसाठी काढलेले पान आणि चित्रकाराने नंतर हौशी ग्राहकासाठी पुन्हा काढलेले चित्र यांतील भेद त्यात स्पष्ट करावा.
४) अशा नोंदींची सूची महाविद्यालयीन ग्रंथालये अल्प खर्चात सांभाळू शकतात. त्यासाठी पाने त्यांच्या मालकीची असण्याची आवश्यकता नाही.

छंद हा व्यक्तीचा असतो, परंतु त्या छंदाने जे राखले ते समाजाचे असते. नाणकशास्त्राला हे कळून चुकले आहे. ज्या दिवशी मूळ पानाचा संग्राहक ‘माझ्याकडे काय आहे’ यासोबत ‘हे कोणत्या कथेतून आले आणि उरलेली पाने कोठे आहेत’ असा प्रश्न विचारू लागेल, त्या दिवशी मराठी चित्रकथेच्या इतिहासलेखनाला प्रारंभ होईल.