आभासी उड्डाणातील हात

भोगावतीकाठचे पेण सोडावे, नागोठण्यास अंबा ओलांडावी आणि कुंडलिकेवरील रोह्यास पोचावे, हा मार्ग मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे उडता येतो. भूचित्रण प्रशंसनीय आहे. प्रश्न उरतो हाताचा.

जॉयस्टिक सोडताच स्प्रिंगच्या बळाने मध्यावर परतते. व्याकरणात शून्य प्रत्ययाचे जे कार्य, तेच येथे या मध्यस्थितीचे. काही न करण्यालाही निश्चित अर्थ लाभतो. माऊस मात्र सोडावा तेथेच राहतो. नागोठण्यावरील वळण संपविताना विमान उलट कलवून नियंत्रण पुन्हा मध्यावर आणावयाचे असते. माऊसधारकास तो मध्य डोळ्यांनी शोधावा लागतो आणि तोवर दृष्टी क्षितिजावरून ढळते. अशा रीतीने कमावलेली सवय खऱ्या विमानात बसणाऱ्यास मोडावीच लागेल. कॉकपिटातील बटने फिरविण्यास माऊस सोयीचा, हे मान्य करावयास हवे.

तथापि जॉयस्टिकची स्तुतीही बेताचीच करणे इष्ट. लहान विमानाचा दांडा वेगाबरोबर जड होत जातो. सामान्य जॉयस्टिकची स्प्रिंग सर्व वेगांना सारखीच. पेणच्या मूर्तिकाराच्या अंगठ्यास शाडू जसे क्षणोक्षणी उत्तर देते, तसे उत्तर तिच्याकडून मिळत नाही.