पदवी स्तरावरील समाजशास्त्र : अभ्यासक्रमातील खेडे आणि कडेगावचे खेडे

बी.ए.च्या द्वितीय वर्षाच्या अंतर्गत चाचणीत मी 'भारतीय खेड्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करा' हा प्रश्न विचारला होता. प्रश्न नवा नव्हता. विद्यार्थी असताना मी तो सोडविला होता, माझ्या गुरुजनांनीही तो सोडविला असावा. त्याचे उत्तर ठरलेले आहे : लहान आकार, शेतीप्रधानता, संयुक्त कुटुंब, जातिव्यवस्था, धार्मिकतेचा प्रभाव, परंपराप्रियता, एकजिनसीपणा आणि स्वयंपूर्णता. मुद्दा, त्याखाली चार ओळी, पुन्हा मुद्दा. एका विद्यार्थिनीने पहिले काही मुद्दे याच रीतीने लिहिले आणि स्वयंपूर्णतेपाशी येऊन तिने वाट सोडली. आपले गाव स्वयंपूर्ण नाही, असे तिने लिहिले. घरोघरचे कर्ते पुरुष गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात आहेत. तिच्या घरच्या विहिरीचे कर्ज, आत्याचे लग्न आणि गावच्या देवळाचा जीर्णोद्धार या तिन्ही गोष्टी केरळातून आलेल्या पैशावर झाल्या. मग स्वयंपूर्ण कशाला म्हणायचे, असा तिचा सवाल होता. आदर्श उत्तराच्या चौकटीत हे बसत नसल्याने मी तिला दहापैकी चार गुण दिले.

पुढे दुसऱ्या एका कामासाठी जुने लेखन चाळताना माझी चूक माझ्या लक्षात आली. एम. एन. श्रीनिवास आणि ए. एम. शहा यांनी १९६० मध्येच 'इकॉनॉमिक वीकली'त लेख लिहून भारतीय खेड्याची स्वयंपूर्णता ही दंतकथा असल्याचे प्रतिपादन केले होते. चार्ल्स मेटकाफच्या १८३० च्या टिपणापासून रूढ झालेले 'ग्राम-प्रजासत्ताका'चे चित्र त्यांनी आठवडी बाजार, गावाबाहेर पसरलेली सोयरीक, जातीचे परगावाशी असलेले संबंध यांच्या आधारे खोडून काढले. समाजशास्त्राने सहा दशकांपूर्वी जो निष्कर्ष काढला, तो एका विद्यार्थिनीने आपल्या घराकडे पाहून काढला होता. आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने तो चुकीचा ठरविला होता. प्रस्तुत लेखाचे निमित्त हेच आहे.

आपल्या पदवी अभ्यासक्रमावर टीका करताना 'तो पाश्चात्त्य आहे', 'कालबाह्य आहे' असे म्हणण्याची प्रथा आहे. हे पूर्णांशाने खरे नाही. समाजशास्त्राची ओळख, भारतीय समाज, सामाजिक समस्या, ग्रामीण समाज, समाजशास्त्रीय विचारवंत, संशोधन पद्धती, सामाजिक चळवळी ही शीर्षके पाहिली तर आक्षेप घेण्यासारखे फारसे काही आढळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००१ चा नमुना अभ्यासक्रम, २०१५ नंतरची श्रेयांक पद्धती आणि आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार झालेली पुनर्रचना अशा प्रत्येक टप्प्यावर घटकांची नावे सुधारत गेली. सुधारला नाही तो प्रश्न विचारण्याचा प्रकार. 'टीपा लिहा' आणि 'वैशिष्ट्ये सांगा' या दोन क्रियापदांनी या विषयावर जेवढे राज्य केले, तेवढे मार्क्स किंवा वेबर यांनीही केले नाही. घटक कितीही चांगला असो, तो परीक्षेच्या दाराशी पोहोचेपर्यंत मुद्द्यांची यादी होतो. ती यादी बाजारातील मार्गदर्शकात तयार असते. आणि हे आपल्यापैकी काहींनीच लिहिलेले असते, हेही येथे मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रातील समाजशास्त्राचा उगम मात्र यादीत झालेला नाही. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने १८२० च्या सुमारास केली. त्याच गावात पुन्हा जाऊन गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरचे लोणीकंद १९६० च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गाव-गाडा' १९१५ चा; तो विद्यापीठात बसून लिहिलेला नाही, महसूल खात्याच्या नोकरीत गावोगाव हिंडताना जे दिसले त्यातून तो उभा राहिला. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू करणारे पॅट्रिक गेडिस हे तर शहरे पायी पाहणारे गृहस्थ होते. आमच्या विद्यार्थ्यांना यांपैकी घुर्यांचे नाव, जन्मसाल आणि ग्रंथांची यादी पाठ असते. ते एका गावात गेले होते, ही गोष्ट मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

पूर्वी खानापूर तालुक्याचा भाग असलेला कडेगाव तालुका हा सांगली जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातला. पाऊस बेभरवशाचा आणि जमीन थोडी, यामुळे कडेगाव, खानापूर, आटपाडी या भागांतील माणसे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायात शिरली आणि देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. अन्य विद्याशाखांतील वाचकांना हा केवळ एक व्यवसाय वाटेल. कुटुंबसंस्था शिकविणाऱ्याला मात्र तो आयते साहित्य पुरवितो.

इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात केलेली संयुक्त कुटुंबाची व्याख्या सर्वांना परिचित आहे : एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता, समाईक कुळाचार आणि विशिष्ट रक्तनाते. विद्यार्थी ती बिनचूक लिहितात. आता गलाईवाल्याचे घर घ्या. थोरला भाऊ तमिळनाडूत, मधला पंजाबात, धाकटा गावी आई-वडिलांजवळ. छपरे तीन, चुली तीन. जमीन मात्र सातबाऱ्यावर एकत्र, दुकानाचे भांडवल भावकीतून उभे केलेले, कुलदैवत एक, आणि म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याचा खर्च तिघांचा. हे कुटुंब संयुक्त की विभक्त? कर्वे यांचे पाच निकष येथे एकमेकांपासून सुटे होतात आणि नेमक्या याच ठिकाणी व्याख्या उपयोगी पडू लागते; कोणता निकष टिकला, कोणता गळला आणि का, हे विचारता येते. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा येथील अभ्यासातून (१९६४) एकत्र राहणे हाच एकत्रपणाचा निकष नव्हे, असे दाखविले होते. आमच्या वर्गातील निम्म्या मुली हे प्रत्यक्ष जगत असतात. तरीही 'औद्योगिकीकरण व नागरीकरणामुळे संयुक्त कुटुंबाचा ऱ्हास होत आहे' हे वाक्य त्या निष्ठेने लिहितात, कारण त्या वाक्याला गुण आहेत.

या घरांत गावी राहिलेल्या स्त्रीचा प्रश्न तर कोठेच येत नाही. नवरा परमुलखात असताना शेताचे वाटेकरी, सोसायटीचे कर्ज, मुलांची शाळा आणि सासऱ्यांचा शब्द यांच्यामध्ये उभी असलेली ही स्त्री निर्णय घेते की केवळ कळविते? 'स्त्रियांचा दर्जा' या घटकात वैदिक काळापासून आधुनिक काळापर्यंतचा प्रवास आहे. त्या प्रवासात विद्यार्थिनीची आई भेटत नाही.

समाजशास्त्राने स्थानिक व्हावे, असे म्हटले की एक धोका लगेच उभा राहतो. त्याचे उदाहरणही कडेगावातच आहे. येथील मोहरम प्रसिद्ध आहे. बांबूंच्या सांगाड्यावर उभारलेले गगनचुंबी ताबूत, त्यांत हिंदूंचेही ताबूत, आणि त्यांच्या भेटींचा सोहळा पाहण्यासाठी दूरदूरहून येणारा समुदाय. या विषयावर निबंध लिहा म्हटले की 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक' हे शब्द पहिल्याच ओळीत येतात आणि निबंध तेथेच संपतो. ऐक्य खोटे आहे, असे माझे म्हणणे नाही. वर्तमानपत्राच्या बातमीला तेवढे पुरते. समाजशास्त्राचे काम तेथून पुढे सुरू होते. कोणता मान कोणत्या घराकडे आहे आणि तो कसा ठरला? खांदा देणारे कोण, पाहणारे कोण, स्त्रिया कोठे उभ्या असतात? भेटीचा क्रम बदलावा असे कोणाला वाटले तर निर्णय कोण करतो? परमुलखातून या दिवसांसाठी येणारा माणूस नेमका कशासाठी येतो? येथे एमिल डर्कहाइमचा १९१२ चा धर्मविषयक ग्रंथ हाताशी हवा. विधीमधून समूह स्वतःलाच कसा जाणवतो, हे त्याने ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या वर्णनांवरून मांडले. तो स्वतः तेथे कधी गेला नाही. आम्हाला जाण्यासाठी एसटीचे तिकीटही लागत नाही. तरी डर्कहाइम तृतीय वर्षाच्या 'विचारवंत' या विषयपत्रिकेत राहतो आणि मोहरम सुट्टीच्या यादीत. म्हणून सिद्धान्त काढून टाकून स्थानिक माहिती भरावी, ही सूचना मला मान्य नाही. त्यातून फक्त तालुक्याची गौरवगाथा निघेल.

पाण्याच्या बाबतीत हे अधिक टोचते. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी कऱ्हाड तालुक्यातील टेंभूपासून उचलून या पट्ट्यात आणले. ज्वारीच्या रानात ऊस आला. ऊस आला म्हणजे कारखाना, तोडणीच्या टोळ्या, ठिबकचे कर्ज आणि बांधावरचे नवे तंटे आले. पाणी कोणाला, हा प्रश्न याच परिसरात तत्त्व म्हणून मांडला गेला होता. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारले आणि पाणीवाटपात भूमिहीनांचाही हक्क मानला. मुक्ती संघर्ष चळवळीच्या या कामाशी जोडलेल्या गेल ऑम्व्हेट या मूळच्या अमेरिकन. सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीवरील त्यांचा प्रबंध १९७६ मध्ये ग्रंथरूपाने आला. २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे घर वाळवा तालुक्यातील कासेगावला होते. आंतरराष्ट्रीय मान्यतेची समाजशास्त्रज्ञ आपल्या जिल्ह्यातील एका खेड्यात राहते, हे माझ्या पदवीच्या तीन वर्षांत मला कोणी सांगितले नाही. एम.फिल. करताना एका संदर्भसूचीत ते कळले. (ती एम.फिल. पदवीही २०२२ च्या नियमांनी बंद झाली, हा भाग वेगळा.)

'सामाजिक समस्या' या विषयपत्रिकेत स्त्रीभ्रूणहत्येचा घटक असतो आणि उदाहरण बहुधा हरियाणा-पंजाबचे असते. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात सांगली जिल्ह्यात हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या, शेजारच्या कोल्हापुरात ८३९. उसाचा, सहकाराचा आणि शिक्षणसंस्थांचा हा मुलूख. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा ते वर्गात बोलावे की नाही यावर शिक्षककक्षात कुजबूज झाली. हा आकडा समोर ठेवला की वर्ग शांत होतो, कारण प्रत्येक विद्यार्थिनीला आपल्या नात्यातले एखादे घर आठवते. हरियाणाचा आकडा लिहून घेताना वर्ग शांत होत नाही. परक्या उदाहरणाची सोय येथे कळते : त्यात कोणाचीच भावकी नसते, ना विद्यार्थ्याची, ना प्राध्यापकाची.

नव्या धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालेल्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळाले आहेत. मी याचे मनापासून स्वागत केले. परंतु पहिला अनुभव उत्साहवर्धक नाही. प्रकल्पाची तयार फाइल झेरॉक्सच्या दुकानात मिळते, प्रश्नावली एकीची आणि आकडे सर्वांचे. यात केवळ विद्यार्थ्यांना दोष देता येत नाही. तासिका तत्त्वावरील सहकारी, पाच विषयपत्रिकांचा एकट्यावर असलेला भार आणि मूल्यमापनाच्या तारखा यांत शंभरावर प्रकल्प खरोखर वाचणे कोणाला शक्य आहे? तरीही प्रश्न बदलणे आपल्या हाती आहे. अंतर्गत चाचणीचा प्रश्न विद्यापीठ काढत नाही, आपण काढतो.

पुढच्या वर्षी मी खेड्याच्या वैशिष्ट्यांचा प्रश्न काढून टाकला आणि त्याऐवजी, 'इरावती कर्वे यांच्या निकषांवर आपल्या आळीतील एक कुटुंब तपासा' असे विचारले. निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिकांत संयुक्त कुटुंबाचे गुण-दोषच आले; मार्गदर्शकातील क्रमही तोच. काहींनी प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, अशी तक्रार केली. एकीने चुलत्यांच्या घराविषयी लिहिले होते : चूल अकरा महिने तीन गावांत पेटते आणि यात्रेच्या महिन्यात एकाच ठिकाणी, पण त्या महिन्यात भाकरी कोणत्या जावेने थापायच्या, यावरून दरवर्षी भांडण होते, कारण वेगळ्या राहिलेल्या सुना एका चुलीचा हक्क विसरत नाहीत आणि काम मात्र विसरतात. खाली तिने कंसात विचारले होते, 'सर, याला संयुक्त म्हणायचे का?' त्या प्रश्नावर आम्ही पुढचे दोन तास घालविले आणि त्या सत्रात 'सामाजिक नियंत्रण' हा घटक शिकवायचा राहिला.