डीव्हीडीमुळे प्लेस्टेशन २ जिंकलं, असं लिहिण्याआधी

‘प्लेस्टेशन २ वर सिनेमाची डीव्हीडी चालायची, म्हणून ते एवढं खपलं.’ गेमिंगवरच्या लेखांत, एमबीएच्या वर्गात आणि अधूनमधून एखाद्या सिनॉप्सिसमध्येसुद्धा हे वाक्य सापडतं. त्याच्या मागोमाग येणारं वाक्यही ठरलेलं असतं: सोनीने तोच डाव प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे घालून परत टाकला आणि एचडी डीव्हीडीचा निकाल लावला. मग निष्कर्ष काढला जातो की सिनेमाची डिस्क ज्याच्या हातात, त्याचा कन्सोल जिंकतो.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे विधान सरावाला फार चांगलं आहे, कारण ते सरळसरळ खोटं नाही. खोटं असतं तर एका परिच्छेदात काम संपलं असतं. त्यात खरा अंश आहे. तो नेमका कुठे आणि किती, यासाठी खणावं लागतं.

आधी विधानाच्या बाजूने बोलू. कुठल्याही दाव्यावर टीका करायची तर त्याची सगळ्यात मजबूत मांडणी आपणच करून बघावी, नाहीतर आरआरसीसमोर ती दुसरं कोणी करतं. मार्च २००० मध्ये प्लेस्टेशन २ जपानमध्ये ३९,८०० येनला आलं. तिथे डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस आली होती, पण प्लेअर अजून घरोघरी पोचले नव्हते. नव्या कन्सोलचे सुरुवातीचे गेम काही फार भारी नव्हते. अशा वेळी एकाच खोक्यात गेम आणि सिनेमा दोन्ही मिळणं हा घरच्यांना पटवण्याचा चांगला मुद्दा होता. समोर सेगाचा ड्रीमकास्ट होता. त्याची जीडी-रॉम ही साधारण १ जीबीची खास डिस्क होती आणि त्यावर सिनेमाची डीव्हीडी चालत नव्हती. जानेवारी २००१ च्या शेवटी सेगाने ड्रीमकास्ट थांबवत असल्याचं जाहीर केलं. तो एकूण ९० लाखांच्या आसपास खपला आणि प्लेस्टेशन २ सोळा कोटींच्या घरात गेलं. गोष्ट जमते ना?

इथेच थांबायचं. या दोन कन्सोलमध्ये डीव्हीडी हा एकच फरक होता का? पहिलं प्लेस्टेशन १० कोटींहून अधिक खपलं होतं आणि त्याचे गेम प्लेस्टेशन २ वर चालत होते. सेगाने त्याआधी ३२एक्स आणि सॅटर्न लवकर गुंडाळून गिऱ्हाइकांचा आणि दुकानदारांचा विश्वास घालवला होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारखी मोठी कंपनी ड्रीमकास्टसाठी गेम करायलाच तयार नव्हती. म्हणजे एका तुलनेत चार-पाच गोष्टी एकदम बदलल्यात, आणि आपण सगळं श्रेय त्यातल्या डोळ्यांत भरणाऱ्या एकीला देऊन मोकळे होतो. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात याला ‘गोंधळकारी चल’ म्हणून दोन मार्क मिळतात. प्रत्यक्ष वाचताना मात्र ते पटकन दिसत नाहीत, कारण गोष्ट छान रंगलेली असते.

आता काळाकडे बघा. जानेवारी २००३ पर्यंत जगभरात सुमारे पाच कोटी प्लेस्टेशन २ बाजारात गेले होते. उरलेले अकरा कोटी त्यानंतर गेले, म्हणजे साधा डीव्हीडी प्लेअर दरवर्षी आणखी स्वस्त होत होता त्या काळात. डीव्हीडी हेच विक्रीचं मुख्य कारण असतं तर प्लेअर स्वस्त झाल्यावर विक्री ओसरायला हवी होती. ती ओसरली नाही, कारण तोवर ग्रॅन टुरिस्मो ३, ग्रँड थेफ्ट ऑटो ३, फायनल फँटसी १० असे गेम येऊन बसले होते आणि किंमतही उतरली होती. (अमेरिकेत मे २००२ मध्ये ती २९९ वरून १९९ डॉलरवर आली.)

दाव्याचा समर्थक यावर गप्प बसणार नाही. तो म्हणेल, डीव्हीडीने सुरुवातीला रेटा दिला, त्यामुळे कन्सोल घराघरांत गेले, म्हणून गेम बनवणारे आले, म्हणून आणखी कन्सोल खपले. हा युक्तिवाद दमदार आहे. अर्थशास्त्रात याला अप्रत्यक्ष नेटवर्क परिणाम म्हणतात. मॅथ्यू क्लेमेंट्स आणि हिरोशी ओहाशी यांनी १९९४ ते २००२ च्या अमेरिकी व्हिडिओ गेम बाजारावर २००५ मध्ये लिहिलेला पेपर याच चक्रावर आहे. कन्सोलच्या आयुष्याच्या सुरुवातीला कमी किंमत जास्त उपयोगी पडते आणि पुढे गेमची विविधता, असं त्यात दिसतं. हा पेपर जरूर वाचा.

पण समर्थकाने इथे विधान बदललं, हे तुमच्या लक्षात आलं का? ‘डीव्हीडीमुळे जिंकलं’ याचं ‘डीव्हीडीने पहिल्या वर्षात रेटा दिला’ झालं. हे विधान अधिक छोटं आहे आणि तपासता येण्यासारखं आहे. मग तपासायचं कसं? पहिल्या वर्षाची विक्री बघू, असं तुम्ही म्हणाल. तिथे खरी अडचण आहे. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन २ आलं तेव्हा ठरलेल्या दहा लाखांऐवजी पाचच लाख नग पोचले. दुकानं रिकामी होती. म्हणजे त्या महिन्यांचा विक्रीचा आकडा मागणी किती होती ते सांगतच नाही, पुरवठा किती होता तेवढंच सांगतो. डीव्हीडी नसती तरी कदाचित ते पाच लाख तसेच संपले असते. विक्री आणि मागणी एकच धरणं ही चूक चांगल्या छापील लेखांतही दिसते, तेव्हा डेटा उतरवून रिग्रेशन चालवण्याआधी माल दुकानात होता का, हे विचारायची सवय लावून घ्या.

मग तुलना दुसरीकडे शोधावी लागते. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स नोव्हेंबर २००१ मध्ये आला. त्यात डीव्हीडी ड्राइव्ह होता, पण सिनेमा बघायला सुमारे ३० डॉलरचा रिमोट संच वेगळा घ्यावा लागे. निन्टेंडोच्या गेमक्यूबमध्ये ८ सेंटिमीटरची, साधारण दीड जीबीची छोटी डिस्क होती आणि सिनेमा अजिबात नव्हता. शेवटी एक्सबॉक्स अंदाजे २.४ कोटी गेला, गेमक्यूब २.१७ कोटी. सिनेमा दाखवू शकणारा आणि न दाखवणारा, फरक एवढाच. पॅनासॉनिकने तर जपानमध्ये ‘क्यू’ नावाचा डीव्हीडी चालवणारा गेमक्यूबच काढला होता, आणि तो फारसा चालला नाही. मोह होतो की हाच आपला प्रयोग. पण क्यू मूळ गेमक्यूबपेक्षा बराच महाग होता आणि डिसेंबर २००१ मध्ये आला, जेव्हा डीव्हीडीचं नवल ओसरू लागलं होतं. तेव्हा यालाही निर्णायक पुरावा म्हणू नका.

प्लेस्टेशन ३ च्या बाबतीत तर गोष्ट उलटी वाचावी लागते. नोव्हेंबर २००६ मध्ये त्याची अमेरिकेतली किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती. त्याच वर्षी सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर हजार डॉलरला आला होता, म्हणजे सिनेमाच्या हिशोबाने कन्सोल स्वस्तच. पण गेम खेळणाऱ्याला तो महाग पडला. निळ्या लेसरच्या डायोडची टंचाई झाली म्हणून युरोपातलं आगमन मार्च २००७ पर्यंत लांबलं. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३,००० कोटी येनहून अधिक तोटा झाला. तिकडे २४९ डॉलरचा वी, जो साधी डीव्हीडीसुद्धा लावत नव्हता, पुढे दहा कोटींवर गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी सोडली. त्याआधी महिनाभर वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली होती, आणि ब्लू-रे चालवणारे लाखो प्लेस्टेशन ३ घरांत आधीच बसलेले होते. मग कोणी कोणाला जिंकवलं? इथे कन्सोलने डिस्कला वर काढलं आणि त्याची किंमत स्वतः मोजली. कारण आणि परिणाम यांची दिशा न तपासता दोन्ही उदाहरणं एकाच बाजूच्या पुराव्यात धरली जातात, ही माझी या लोकप्रिय मांडणीवरची मुख्य तक्रार आहे.

आणखी एक गुंता आहे. डिस्कची दोन कामं असतात, सिनेमा दाखवणं आणि गेम साठवणं. फायनल फँटसी १३ प्लेस्टेशन ३ वर एका ब्लू-रेमध्ये मावला, एक्सबॉक्स ३६० वर तीन डीव्हीडी लागल्या. तुमच्या मॉडेलमध्ये ‘डिस्क फॉरमॅट’ असा एकच चल असेल तर ही दोन्ही कामं त्यात कालवली जातील आणि नंतर वेगळी काढता येणार नाहीत.

मला विचाराल तर ‘सिनेमा चालतो की नाही’ असा हो-नाहीचा चल घेऊच नये. त्या देशात, त्या महिन्यात, वेगळा प्लेअर न घेतल्यामुळे घराचे किती पैसे वाचले, हे मोजावं. २००० च्या वसंतात जपानमध्ये ती बचत मोठी होती. अमेरिकेत त्याच वर्षी दोनशे डॉलरच्या आतले प्लेअरही मिळू लागले होते, तिथे कमी. आणि आपल्याकडे? आपल्या घरांत तेव्हा व्हीसीडीचं राज्य होतं, आणि प्लेस्टेशन २ व्हीसीडी लावत नव्हतं. गल्लीतल्या लायब्ररीतून भाड्याने आणलेली डिस्क ज्या यंत्रात चालत नाही, त्याची सिनेमाच्या बाजूने बचत जवळजवळ शून्य. एकच यंत्र, एकच डिस्क, पण तीन देशांत तीन वेगळी मूल्यं. हो-नाहीच्या चलात हे कुठेच दिसणार नाही.

याच विषयावर काही करायचं असेल तर २०१६ कडे वळा. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन एस मध्ये फोरके ब्लू-रे दिला, आणि ब्लू-रेसाठी एवढं सोसलेल्या सोनीने प्लेस्टेशन ४ प्रोमध्ये तो दिलाच नाही. त्या पिढीत प्लेस्टेशन ४ च पुढे राहिलं. किंवा २०२० चं प्लेस्टेशन ५ घ्या: ड्राइव्ह असलेलं ४९९ डॉलरला, नसलेलं ३९९ ला, दोन्ही एकाच दिवशी बाजारात. आत बाकी यंत्र तेच. इतकी स्वच्छ तुलना २००० मध्ये कोणाला मिळाली नव्हती. फक्त त्या ड्राइव्हमधून जुने, सेकंडहँड गेमही चालतात, आणि शंभर डॉलर जास्त देणाऱ्याने ते सिनेमासाठी दिले की जुन्या गेमसाठी, हे विक्रीच्या आकड्यांतून कळणार नाही. त्यासाठी प्रश्नावली घेऊन लोकांकडेच जावं लागेल.