दूरदर्शनवरील द्रौपदी : प्रश्न आणि शपथ

महाकाव्याचे नाट्यरूपांतर हा एक प्रकारचा अनुवादच होय. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना जसे काही गळते व काही नव्याने येते, तसेच श्राव्य काव्यातून दृश्य माध्यमात जातानाही घडते. तेव्हा रूपांतरकाराने काय वगळले व काय वाढविले, याची केवळ यादी करून समीक्षकाचे काम संपत नाही. जे वाढविले त्याने मूळ कृतीतील नैतिक भार कोणाच्या खांद्यावरून उचलून कोणाच्या खांद्यावर ठेवला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. बी. आर. चोप्रा यांनी निर्माण केलेल्या व राही मासूम रझा यांनी लिहिलेल्या ‘महाभारत’ मालिकेतील द्रौपदीचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे.

२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ही मालिका ९४ भागांत दूरदर्शनवर दाखविली गेली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत तिचे पुनःप्रसारण झाले आणि एक नवी पिढी तिच्यासमोर बसली. या देशातील असंख्य स्त्रीपुरुषांना महाभारत ठाऊक आहे ते या मालिकेमुळे. त्यातच मालिकेच्या श्रेयनामावलीत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचा आधारग्रंथ म्हणून उल्लेख आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली या आवृत्तीचे आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. आणि १९६६ मध्ये महाभारताचे संपादन सिद्धीस गेले. आधार म्हणून एवढ्या मोठ्या विद्याव्रताचे नाव घेतल्यावर त्या आधाराशी मालिकेतील स्त्रीचित्र ताडून पाहणे हे छिद्रान्वेषण ठरू नये.

प्रथम मयसभेचा प्रसंग घ्यावा. राजसूयानंतर इंद्रप्रस्थी राहिलेला दुर्योधन स्फटिकाला पाणी व पाण्याला स्फटिक समजून फसतो आणि वस्त्रांसह जलाशयात पडतो. चिकित्सक आवृत्तीत या प्रसंगाचे कथन सरळ आहे. भीम हसतो, अर्जुन व नकुल-सहदेव हसतात, इतर जनही हसतात. या कथनात द्रौपदी कोठेही नाही. ती येते पुढे, दुर्योधन पित्याजवळ आपले गाऱ्हाणे मांडतो तेव्हा. कृष्ण व अर्जुन मोठ्याने हसले आणि स्त्रियांसह द्रौपदीही हसली, असे तो सांगतो. म्हणजे द्रौपदीचे हास्य ही कवीने कथन केलेली घटना नसून मत्सराने जळणाऱ्या आणि पित्याकडून द्यूताची अनुज्ञा मिळवू पाहणाऱ्या एका पात्राची साक्ष आहे. कवीचे कथन आणि पात्राचे कथन यांतील हे अंतर कवीने राखले आहे. वाचकाने ते ओळखावे, अशीच ही रचना आहे.

मालिकेत हे अंतर पुसले गेले. तेथे द्रौपदी प्रत्यक्ष पाहते, हसते आणि दुर्योधनाला आंधळ्याचा आंधळा पुत्र म्हणून हिणविते. ज्या दुर्योधनाने तिच्यावर हसण्याचा आरोप केला, त्यानेही तिच्यावर हे शब्द उच्चारल्याचा आरोप केलेला नाही. वादीने जेवढे मागितले नव्हते, तेवढे त्याला येथे देऊन टाकण्यात आले. हा टोमणा मालिकेने निर्माण केला असे नव्हे. लोकपरंपरेत तो होताच. परंतु परंपरेतील अनेक पर्यायांतून एकाची निवड करणे हेही रूपांतरकाराचेच कर्तृत्व, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच. या निवडीमुळे राज्यलोभ, द्यूताचे व्यसन व वृद्धांचे मौन यांतून उद्भवलेल्या संहाराचे बीज एका स्त्रीच्या जिभेवर जाऊन पडते. पुढे सभेत तिच्यावर जे ओढवते, ते पाहताना प्रेक्षकाच्या मनात करुणेबरोबरच ‘तिनेही तसे बोलावयास नको होते’ हा विचार चोरपावलांनी येतो. अत्याचाराला कारण पुरविण्याचे काम अशा रीतीने अत्याचारितेकडेच सोपविले जाते.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक चिकित्सक आवृत्तीने मुख्य संहितेबाहेर ठेवले आहेत. संहितेत वस्त्रामागून वस्त्र प्रकट होते, पण कोणी पुरविले ते सांगितलेले नाही. मालिकेत मात्र कृष्ण वस्त्रे पुरविताना दिसतो. याबद्दल मालिकेला दोष देणे रसिकतेचे होणार नाही. कृष्णाला हाक मारणारी द्रौपदी शतकानुशतके भारतीय भाषांतील भक्तिकाव्यात, कीर्तनात व स्त्रियांच्या ओव्यांत नांदत आली आहे. कितीएक निराधार स्त्रियांना तिने धीर दिला आहे. ती भर श्रद्धेतून आली आणि द्रौपदीला आधार देऊन गेली. टोमण्याची भर मात्र तिच्यावर दोष ठेवून जाते. दोन्ही गोष्टी मूळ संहितेत नाहीत, म्हणून त्यांना एकाच तराजूत तोलणे योग्य नव्हे.

आता सभेतील प्रश्नाकडे वळावे. द्रौपदीला आणण्यासाठी आलेल्या प्रातिकामीला ती परत पाठविते व विचारावयास सांगते, की युधिष्ठिराने आधी कोणाला हरविले, स्वतःला की तिला? जो स्वतः दास झाला, त्याचे पत्नीवर स्वामित्व उरते काय? हा आक्रोश नव्हे, हा विधीचा प्रश्न आहे. भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेकडे बोट दाखवून निर्णय टाळतात. विकर्ण तिच्या बाजूने उभा राहतो. युधिष्ठिर निश्चेष्ट बसतो. प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि त्याचे अनुत्तरित राहणे हाच कुरुसभेवरचा निकाल ठरतो.

या प्रश्नाविषयी एकमत नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये त्याबद्दल द्रौपदीला कठोर बोल लाविले. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर तिने पंडितेप्रमाणे कायद्याचा काथ्याकूट करण्यापेक्षा क्षात्रधर्माच्या नावाने मर्यादेची व दयेची हाक द्यावयास हवी होती, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. तो पटो वा न पटो, इरावतीबाईंचा आक्षेप द्रौपदीच्या बुद्धीला गंभीरपणे घेणारा आहे. तिच्या प्रश्नातील धोका त्यांना दिसला, कारण त्या प्रश्नाचे वजन त्यांनी जोखले होते.

मालिकेने प्रश्न वगळला नाही, हे मान्य केले पाहिजे. रूपा गांगुली यांची द्रौपदी एकेका वृद्धासमोर उभी राहून जाब विचारते. त्या अभिनयातील संताप खरा आहे आणि त्याने त्या काळी घरोघरी माणसे अस्वस्थ झाली. परंतु दृश्याचा ओघ प्रश्नावर थांबत नाही. चमत्कार, भीमाच्या प्रतिज्ञा, दुःशासनाच्या रक्ताने केस धुतल्याविना ते न बांधण्याची द्रौपदीची शपथ आणि तिच्या ओठांवर आलेला शाप असा तो वाढत जातो. शापाच्या क्षणी गांधारी येऊन तिला थांबविते. महाकाव्यात राजाला भय वाटते ते अग्निहोत्रशाळेतील कोल्हेकुईने. त्या ठिकाणी एक स्त्री आणून बसविणे ही वरकरणी स्त्रीपात्राला मोठेपणा देणारी योजना आहे. परिणाम मात्र असा होतो, की ज्या सभेत पुरुषांनी तिला उत्तर दिले नाही, त्या सभेत तिला गप्प करण्याचे कार्य दुसऱ्या स्त्रीच्या वाट्यास येते.

केसांच्या शपथेची कथाही बोलकी आहे. चिकित्सक संहितेत दुःशासनाचे रक्त पिण्याची प्रतिज्ञा भीमाची आहे. द्रौपदी उद्योगपर्वात कृष्णापुढे आपले केस धरून अपमानाची आठवण देते. पण वेणीभोवती सबंध नाटक गुंफले ते भट्टनारायणाने ‘वेणीसंहारा’त. मोकळे केस हे डोळ्यांना दिसणारे चिन्ह आहे; विधिप्रश्न दिसत नाही. दृश्य माध्यमाने चिन्हाकडे झुकावे हे स्वाभाविकच. शिवाय शपथेने भाग संपविता येतो, अनुत्तरित प्रश्नाने संपविणे कठीण. तरीही ही सबब पुरी पडत नाही. रझा यांच्या लेखणीने ‘समय’ हा निवेदक निर्माण केला होता; कथेला थांबवून प्रेक्षकाला विचारात पाडण्याचे साधन मालिकेच्या हाती आधीच होते.

या साऱ्यात जे हरवले, ते महाकाव्यात द्यूतप्रसंगाच्या अखेरीस आहे. धृतराष्ट्र वर देऊ करतो तेव्हा द्रौपदी पहिल्याने युधिष्ठिराची मुक्तता मागते, आपल्या मुलाला कोणी दासपुत्र म्हणू नये म्हणून. दुसऱ्याने उरलेल्या चौघांची, शस्त्रांसह. तिसरा वर ती नाकारते, कारण लोभ धर्माचा नाश करतो. जिला पणाला लाविले, तीच पणाला लावणाऱ्यांना सोडविते. त्या वेळी कर्ण म्हणतो, की बुडणाऱ्या पांडवांना तीराला नेणारी ही नौका झाली. त्याच सभेत तिचा अधिक्षेप करणाऱ्याच्या तोंडून कवीने हे वदवून घेतले आहे.

मालिकेतील द्रौपदी तेजस्वी नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते तेज क्रोधाचे आहे. महाकाव्यातील द्रौपदीच्या ठिकाणी क्रोधाबरोबर विवेकही आहे. जेथे कवीने तिला मौन दिले, तेथे मालिकेने तिला बोलके केले; आणि जेथे ती खरोखर बोलली, तेथे तिच्या शब्दांवर शपथेचा व शापाचा गलबला येऊ दिला. महाभारताचे रूपांतर पुढेही होत राहील. ते करणाऱ्याने द्रौपदीच्या तोंडी नवे शब्द घालण्यापूर्वी तिचा जुना प्रश्न एकदा पुरता ऐकून घ्यावा. कुरुसभेने त्याचे उत्तर दिले नाही. निदान तो बुडवू तरी नये.